आईचा नंबर तिसरा

डोळा लागतोय की नाही अशा बेतात मी पडले आहे आणि बाहेरच्या खोलीत आई शेंगा फोडते आहे.

दुपारचे अडीच वाजले असतील. पडदा ओढलेला आहे, तरी बार्शीचं ऊन त्याच्या खालून फरशीवर आलंच आहे. आईला आताशा नीट दिसत नाही, शेंगा ती बोटांनीच ओळखते. टरफल फुटल्याचा आवाज येतो, मग ताटात दाणे पडल्याचा, मग पुन्हा टरफल. ऐकता ऐकता माझं अंग जड होत चाललंय. सकाळी चार तास दवाखान्यात बसून आले आहे. सोमवारी माझ्या पोटातली गाठ काढायची आहे. ती कसली आहे ते काढून तपासल्यावरच कळेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मागच्या खेपेला हेच सांगताना त्या हसल्या होत्या. आज हसल्या नाहीत.

आज गुरुवार आहे.

दवाखान्याच्या फॉर्मवर जवळच्या नातेवाइकाचं नाव लिहायचं होतं. मी आईचं लिहिलं. तिच्याखेरीज मला कोणी नाही. प्रभाकरना, म्हणजे माझ्या यजमानांना, जाऊन तीन वर्षं झाली. मूलबाळ झालं नाही. सासू-सासरे तर आधीच गेले. आईचं नाव लिहिताना माझा हात अडखळला, कारण दवाखाना जे जवळचं नातं मानतो ते कायदा मानतोच असं नाही, आणि हे मला चांगलं ठाऊक आहे.

मी तहसील कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये टायपिंग करते. सव्वीस वर्षं झाली. आधी मशीन होतं, आता कॉम्प्युटर. खरेदीखतं, भाडेकरार, बक्षीसपत्रं, मृत्युपत्रं. लोकांच्या घरादाराचं पुढे काय व्हायचं ते माझ्या बोटांखालून जातं. दोन महिन्यांपूर्वी वकिलांबरोबर एक म्हातारी आली. तिची लेक शाळेत शिक्षिका होती. विधवा होती, मूल नव्हतं. स्वतःच्या पगारातून तिने घर घेतलं होतं आणि आईला तिथे ठेवलं होतं. लेक अचानक गेली. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. वकील त्या म्हातारीला समजावून सांगत होते आणि मी टाईप करायची थांबून ऐकत होते. बाईने स्वतः कमावलेलं घर असलं, तरी तिने काही लिहून ठेवलं नसेल, तर पहिला नंबर मुलाबाळांचा आणि नवऱ्याचा. ते नसतील, तर नवऱ्याच्या वारसांचा. आईवडिलांचा नंबर तिसरा. म्हातारीने तीनदा विचारलं, "पण तिला जन्म मी दिला ना?" वकिलांनी तिन्ही वेळा मान हलवली आणि तिन्ही वेळा तेच सांगितलं.

ही आमचीच गोष्ट होती. हे दोन खोल्यांचं घर माझ्या नावावर आहे. वैरागचं आपलं घर विकून आईने ते पैसे माझ्या हातात ठेवले होते, कागदावर मात्र तिचं नाव कुठे नाही. मी सोमवारी ऑपरेशनच्या टेबलावरून उठले नाही, तर घर प्रभाकरांच्या वाटेने त्यांच्या धाकट्या भावाकडे, मधुकर भाऊजींकडे जाईल. ते वाईट नाहीत. पण वर्षश्राद्धाला आले होते तेव्हा त्यांच्या बायकोने, रंजनाने, आतल्या खोलीत उभं राहून सहज म्हटलं होतं, ही खोली थोरल्याला अभ्यासाला बरी पडेल. बोलून गेल्यावर तिची तीच शरमली.

एक कागद लिहिला की प्रश्न मिटतो. दुसऱ्यांसाठी असे कागद मी शेकड्यांनी टाईप केलेत. स्वतःचा मात्र दोन महिने झाले तरी होत नाही. की-बोर्डवर बोटं ठेवली की वाटतं, हे लिहिलं म्हणजे मी मरणाला चहाला बोलावलं.

टरफल फुटतं. दाणे पडायची मी वाट बघते. ते पडत नाहीत.

मी डोळे उघडते. खोलीच्या दारात प्रभाकर उभे आहेत.

तीन वर्षांत ते एकदाही स्वप्नात आले नाहीत. मी वाट बघायची, तेव्हाही आले नाहीत. आता दोन्ही हात चौकटीला लावून उभे आहेत, गर्दीच्या एसटीत दारात उभं राहावं तसे. एक पाऊल आत, एक बाहेर. अंगात पाटबंधारे खात्यात जाताना घालायचे तो फिकट निळा शर्ट. ते गेलेले आहेत हे मला ठाऊक आहे आणि त्यांनाही ठाऊक आहे, आणि तरी आम्ही दोघंही ते आधी बोलत नाही.

मी म्हणते, "आत या ना."

"येता येत नाही."

"मग जा."

"जाताही येत नाही. मी इथेच असतो, शैला. तीन वर्षं झाली."

या दारातून मी दिवसातून पन्नास वेळा ये-जा करते. हातात कपडे असतात, पाण्याचा तांब्या असतो, कधी नुसतीच गुणगुणत जाते. दर वेळी मी यांच्या अंगावरून गेले असणार.

मी पांघरूण छातीपर्यंत ओढते आणि विचारते, तुम्ही गेलात ना, आम्ही सगळं रीतसर केलं ना. ते म्हणतात, गेलो, पण कागदावरून गेलो नाही. तू काही लिहिलं नाहीस तोवर तुझ्या घराची वाट माझ्यावरून जाते. मला मेलेलंही धरतात आणि दारात उभंही करतात.

त्यांच्या पाठीमागे कोणीतरी हळूच खाकरतं. परक्या घरी गेल्यावर माणसं खाकरतात तसं. मी मान वर करून बघते. त्यांच्या खांद्यामागे आणखी डोकी आहेत. रांग आहे.

मी घाईने उठून बसते, आणि बसते ती माझ्या टेबलापाशी. वर पत्रा तापलाय, त्यावर कावळा चालल्याचा आवाज येतोय. समोर गिऱ्हाइकाच्या खुर्चीत प्रभाकर बसलेत. शेडमध्ये दुसरं कोणी नाही. स्टॅम्पवाले नाहीत, वकील नाहीत, कचेरीचा दरवाजासुद्धा नाही. त्या जागी आमच्या बिल्डिंगचा जिना आहे.

"घे लिहून," ते म्हणतात.

मी लिहू लागते. माझ्या पश्चात माझे राहते घर माझ्या आईला मिळावे. बोटं बरोबर अक्षरांवर पडताहेत, मला न बघता कळतं. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघते तर तिथे उमटलंय, माझ्या पश्चात माझे राहते घर माझे पती कैलासवासी प्रभाकर यांना मिळावे. मी पुसते. एकेक अक्षर म्हणत पुन्हा लिहिते. आ. ई. पडद्यावर पुन्हा त्यांचं नाव येतं. सव्वीस वर्षांत माझी नावाची चूक झालेली नाही. मी पुसत जाते तशी पडद्यावरची जागा संपत जाते, आणि पुसलेलं प्रत्येक नाव खाली जाऊन साचत राहतं.

मी त्यांना म्हणते, तुम्ही काहीतरी करताय. ते दोन्ही तळहात वर करून दाखवतात. म्हणतात, मी काही केलं नाही, कुणीच काही केलं नाही, म्हणून तर हे होतंय.

रांग आता चालू लागते. माझ्या टेबलाच्या कडेने, प्रभाकरांच्या खांद्याला खांदा घासत, माणसं एकामागून एक आत जातात, आणि आत म्हणजे माझ्या घरात. मधुकर भाऊजी चपला हातात घेऊन जातात. ते माझ्यापाशी थांबतात. चेहरा ओढलेला आहे. म्हणतात, "वहिनी, आम्ही काही मागितलं नव्हतं. कागद आला म्हणून आलो."

त्यांच्या आवाजात खोट नाही. त्यानेच मला जास्त भीती वाटते. भांडायला समोर कोणी उभंच राहत नाही.

रंजना खिडकीला टेप लावून बघते आणि हे पडदे आखूड पडतील असं स्वतःशीच म्हणते. थोरला आतल्या खोलीत टेबल लावतो. जिथे आईची खाट होती तिथे फरशीवर चार पायांचे फिकट चौकोन आहेत आणि कोणीतरी ते पुसून काढतंय. मी विचारते, आई कुठे आहे. कोणी मान वळवत नाही. ते मुद्दाम ऐकत नाहीत असं नाही, मी बोलते ते त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. स्वयंपाकघरात बघते. बाथरूमचं दार उघडते. बाल्कनीत जाते. बाल्कनीतून पाऊल टाकते ते जिन्यावर पडतं.

आई जिन्यात बसली आहे.

आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. दोन वर्षांत आई खाली उतरलेली नाही, कारण पायरी कुठे संपते ते तिला दिसत नाही. आता ती वरून तिसऱ्या पायरीवर बसली आहे, मांडीवर लुगड्यांचं बोचकं, एक हात कठड्यावर. तिच्याशेजारी गौरी बसली आहे, मधुकर भाऊजींची धाकटी. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. एवढ्या माणसांत ती एकटीच आईपाशी थांबली आहे आणि आईचा दुसरा हात तिने आपल्या हातात घट्ट धरलाय. पण ती काही बोलत नाही. तिला बोलायचा अधिकार कुणी दिलेला नाही, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळतं.

वरून कपाट घेऊन माणसं उतरतात. त्यांतला एक नम्रपणे म्हणतो, "आजी, जरा सरकून बसता का?"

आई चाचपडत एक पायरी खाली सरकते. मग गादी येते. आजी, जरा सरकता का. आई आणखी एक पायरी सरकते. कोणी तिला ढकलत नाही, कोणी आवाज चढवत नाही. पहिला मजला जातो. तळमजला जातो. मला वाटतं आता फाटक येईल आणि जिना थांबेल. तो थांबत नाही. तळमजल्याच्या खाली आणखी पायऱ्या आहेत, तिथे दिवे नाहीत, आणि आई एकेक पायरी खाली जाते आहे. आता मला फक्त तिचं पांढरं डोकं दिसतंय. मी हाक मारते. माझ्या तोंडातून आवाज निघत नाही. मी कठड्याला धरून खाली वाकते.

कठडा थंड आहे, स्टीलचा आहे, आणि तो हलतोय. तो स्ट्रेचरचा आहे. मी उताणी पडले आहे. वरून ट्यूबलाईट एकामागून एक जातात. अंगावर हिरवा गाऊन आहे. प्रभाकर कठड्यावर हात ठेवून माझ्याबरोबर चालताहेत. चाकांची कुरकुर ऐकू येते, त्यांची पावलं ऐकू येत नाहीत.

मी म्हणते, आईला थांबवा. ते म्हणतात, मला कोणी थांबवू शकत नाही आणि मी कोणाला थांबवू शकत नाही. मग बराच वेळ नुसता कॉरिडॉर जातो.

"शैला, तुला एक सांगायचं राहिलं."

त्यांच्या आवाजाने मला आणखी भीती वाटते. जिवंत असताना ते असे कधी बोलत नसत. काहीही गंभीर निघालं की ते हसून उडवायचे. पाच वर्षांपूर्वी मी आम्हा दोघांची मृत्युपत्रं टाईप करून आणली होती. त्यांचं मला, माझं त्यांना, आणि दोघंही नसलो तर काय करायचं तेही. साक्षीला कोण येणार तेसुद्धा ठरवलं होतं. ते दोन्ही कागद हातात घेऊन ते हसले होते. म्हणाले होते, अजून रिटायर व्हायचंय मला, एवढी कसली घाई. मी रागावून दोन्ही कागद फाडले. नंतर विषय निघाला नाही. दोन वर्षांनी ते ऑफिसातच कोसळले. त्यांच्या खात्यापासून मोटरसायकलपर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी मी दीड वर्ष कचेऱ्यांच्या चकरा मारल्या. मी, जिला प्रत्येक टेबलावरचा माणूस नावाने ओळखतो.

"तू कागद आणलेस ना," ते म्हणतात, "त्याच्या आदल्या महिन्यात माझ्या छातीत दुखलं होतं. धरणावर गेलो होतो तेव्हा. कुणाला सांगितलं नाही."

"मला का नाही सांगितलं?"

"भीती वाटली. सही केली म्हणजे ते खरं ठरेल असं वाटलं."

मला त्यांचा संताप येतो. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या मी त्यांना वाटेल ते बोलते. दोन वर्षं तुमच्या हातात होती. डॉक्टर होते, औषधं होती. तुम्ही हसत राहिलात आणि मी मूर्खासारखी तुमच्या हसण्यावर विश्वास ठेवला. ते सगळं ऐकून घेतात. मान खाली घालून चालत राहतात. माझं बोलणं संपल्यावर एवढंच म्हणतात, "मी भ्यालो आणि चकरा तू मारल्यास. आता तू भितेस. आईला चकरा मारता येतील का, सांग."

मी डोळे मिटून घेते. मिटलेल्या पापण्यांआडही ट्यूबलाईट जातच राहतात.

स्ट्रेचर थांबतं. वर मोठा गोल दिवा लागतो. ऑपरेशनची खोली असावी, पण भिंतीला लागून आमच्या सोसायटीच्या ऑफिसातलं लोखंडी कपाट आहे आणि सेक्रेटरींची खुर्ची आहे. खुर्चीत कोणी नाही. टेबलावर सभासदांचं रजिस्टर उघडं आहे. माझ्या नावापुढे नॉमिनी म्हणून लिहिलंय, प्रभाकर. मी तो फॉर्म बदललेला नाही. बदलून आईचं नाव घातलं असतं, तरी तेवढ्याने भागलं नसतं, हेही मला माहीत आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो नुसता सांभाळणारा. गिऱ्हाइकांना हे मी रोज सांगते.

"साधा कागद चालतो," प्रभाकर म्हणतात. "तूच सांगायचीस सगळ्यांना."

मी पडल्या पडल्या म्हणते, हो. स्टॅम्प लागत नाही. हाताने लिहिलं तरी चालतं. दोन साक्षीदार लागतात, आणि मी सही करताना त्यांनी ती बघायला हवी. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीला घेऊ नये. जमलं तर डॉक्टरांचा दाखला जोडावा, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की बाई भानावर नव्हती. शाळेत पाढे म्हणावेत तसं मी म्हणत जाते आणि म्हणताना माझे दात वाजताहेत.

"आईला द्यायचं?"

"आईला. ती असेपर्यंत तिथून तिला कोणी हलवायचं नाही."

"आणि तिच्यानंतर?"

हाच प्रश्न मी दोन महिने टाळते आहे. आई एकोणऐंशी वर्षांची आहे. तिच्यानंतर कोण. मला कोणी नाही, हे लिहून द्यायचं म्हणजे स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं. दिवा डोळ्यांत येतो. लांब कुठेतरी, फार खाली, कोणीतरी आजी जरा सरकता का म्हणतंय.

आणि मला जिन्यातला तो हात दिसतो. गौरी दर रविवारी आईला फोन करते. आईला वाचता येत नाही म्हणून पेपरातली एखादी बातमी वाचून दाखवते. तिला कोणी सांगितलेलं नाही. मी म्हणते, "गौरीला."

प्रभाकर मान वर करतात. म्हणतात, म्हणजे घर शेवटी मधुकरच्याच घरात जाणार. मी म्हणते, जाऊ दे. पण आईच्या नंतर जाईल, आणि मी म्हटलं म्हणून जाईल. तुमच्यावरून जाणार नाही.

हे बोलल्यावर मला पहिल्यांदा त्यांचा चेहरा नीट दिसतो. ते दमलेले आहेत. किती दमलेले आहेत ते जिवंत माणसाच्या चेहऱ्यावर दिसणार नाही.

ते खिशातून एक पेन काढतात. जाड, जुनं, शाईचं. "साहेबांचं आणलंय," ते म्हणतात. आयुष्यभर ते कारकून राहिले, हिरव्या शाईने सही करायचं पद त्यांना मिळालं नाही. पेन गळतंय. हिरवी शाई त्यांच्या बोटांना लागते, मग माझ्या. माझ्या छातीवर कागद आहे. मजकूर लिहिलेला आहे, माझ्याच अक्षरात, आईचं नाव आईच्या जागी आहे. मी सही करते. नेहमीची सही, दिवसातून वीस वेळा करते ती.

कागदावर उमटतं, कै. शैलजा.

मी ते अक्षर बघत राहते. मी लिहिलेलं नाही. खोडायला जाते तर पेन उमटत नाही. मास्क घेऊन कोणीतरी माझ्या तोंडाशी येतं आणि बाईच्या आवाजात म्हणतं, दहापासून उलटं मोजा. मी ओरडते, थांबा, साक्षीदार नाहीत, साक्षीदार आल्याशिवाय हे चालत नाही. भिंतीपाशी दोन खुर्च्या आहेत, दोन्ही रिकाम्या. मी प्रभाकरांचा हात धरते. म्हणते, तुम्ही करा सही, तुम्ही बघितलंत ना.

"मेलेल्याची साक्ष चालत नाही, शैला."

मास्क टेकतो. रबराचा वास येतो. प्रभाकर वाकतात आणि त्या 'कै.'वर आपलं बोट दाबून धरतात, वाहतं रक्त थांबवायला दाबावं तसं.

"ऊठ," ते म्हणतात. "हे झाकलंय तोवर ऊठ."

मी उठते.

आई माझ्या कपाळावर हात ठेवून उभी आहे. म्हणते, किती हाका मारल्या, घामाने भिजलीस गं. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं झालीत. मी तिचे दोन्ही हात धरते, खांद्यापर्यंत चाचपून बघते. ती विचारते, काय झालं. मी दाराकडे बघायचं टाळते आणि शेवटी बघते. दारात कोणी नाही. पलीकडे बाहेरच्या खोलीतलं ऊन आहे.

मग मला माझा उजवा हात दिसतो. तर्जनीच्या टोकाला, नखाच्या कडेपर्यंत, हिरवी शाई लागलेली आहे. ओली आहे. आमच्या घरात हिरवी शाई नाही. माझ्या टेबलावर निळी असते आणि काळी. मी ते बोट पदराला पुसते, डाग पदराला लागत नाही.

दारातून बाहेर पडताना मी अंग चोरून, एका बाजूने जाते, कोणी उभं असेल तर धक्का लागू नये म्हणून.

समोरच्या घरात काळे सर राहतात. गणित शिकवायचे, आता रिटायर आहेत. मी त्यांना आणि पद्मजा वहिनींना सांगते की पंधरा मिनिटांनी दोघंही माझ्याकडे या, सह्या हव्या आहेत. माझा चेहरा बघून ते लगेच हो म्हणतात. घरी येऊन मी कोरा कागद घेते आणि निळ्या पेनने लिहायला बसते. आई समोर बसते. काय लिहितेस, म्हणून विचारते. आजवर मी तिला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. आता सांगते. नंबर कसे लागतात ते सांगते, तिचा तिसरा आहे तेही सांगते. ती ऐकून घेते. ती रडेल अशी मला भीती असते. ती रडत नाही. विचारते, "आणि तुझ्या आधी मी गेले तर?"

"तर सरळ गौरीला."

"ते पण लिही. राहून जाईल."

मी लिहिते. घर, बँकेतलं खातं, दोन बांगड्या, माझा कॉम्प्युटर. काय कुणाला, आई असेपर्यंत काय, नंतर काय. काळे सर आणि वहिनी येतात. त्यांच्यासमोर मी सही करते. सही करताना श्वास धरते, आणि उमटलेलं दोनदा वाचते. नुसतं शैलजा आहे. मग वहिनी सही करतात. मग काळे सर चष्मा लावून नाव, पत्ता, तारीख असं सगळं सावकाश लिहितात, आणि कागद परत देता देता थांबतात. माझ्या सहीच्या डाव्या बाजूला, नावाच्या अगदी आधी, एक हिरवा ठसा आहे. सर विचारतात, हा कुणाचा.

मी म्हणते, माझाच, पेन गळत होतं. सर टेबलावरच्या माझ्या निळ्या पेनकडे बघतात.

ते दोघं गेल्यावर मी कागद उजेडात धरते. ठशावर माझी तर्जनी ठेवून बघते. माझं बोट त्यात पूर्ण मावतं, आणि चारी बाजूंनी हिरवं उरतं.